'रिप' दाबलं की झालं?

सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर घ्यायला मी आधी अर्धा तास प्लगइन बसवण्यात घालवतो, असं कुणालाही सांगून बघा. समोरचा हमखास कीव आल्यासारखा बघतो. "एवढं कशाला रे? सीडी टाकायची, 'रिप' दाबायचं, झालं!" आणि गंमत म्हणजे हे सांगणारे बहुतेक आपल्याच धंद्यातले असतात. हापिसात टेस्ट न लिहिता कोड चेक-इन केलात तर गळा धरतील. घरी मात्र वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या सीडीची कॉपी बरोबर झाली का हे तपासायचं म्हटलं की हेच लोक म्हणतात, "कानाला तर नीट वाटतंय ना?"

कानाला!

मुळात गैरसमज असा की सीडीवरून गाणं घेणं म्हणजे फाईल कॉपी करणं. तसं ते नाही. ऑडिओ सीडीवर फाईल नावाची गोष्टच नसते. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिटांचे, दोन चॅनल, अशी सलग धार असते. ती 2352 बाइटच्या तुकड्यांत, सेकंदाला 75 तुकडे या हिशेबाने वाचली जाते. डेटा सीडीच्या तेवढ्याच तुकड्यात कामाचा मजकूर फक्त 2048 बाइटचा असतो, उरलेली बरीचशी जागा चुका पकडायला आणि दुरुस्त करायला राखलेली असते. ऑडिओत हा वरचा थर नाही. बारीक ओरखडे खालच्या पातळीवर निस्तरले जातात, पण त्यापलीकडे गेलं की ड्राइव्ह आजूबाजूचे नमुने बघून मधला चक्क अंदाजाने भरतो. आणि बऱ्याचदा त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. प्रगतीपट्टी हिरवी होते, तुम्ही खूश.

सीडी ऐकताना हे चालतं, तशीच तिची रचना आहे. पण कॉपी करून मूळ सीडी रद्दीत देणार असाल, तर तो अंदाज कायमचा तुमच्या माथी.

यावरचा इलाज नवा नाही, फुकटही आहे. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी', मॅकवर 'एक्सएलडी', लिनक्सवर 'व्हिपर'. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी प्रत्येक तुकडा किमान दोनदा वाचून ताडून बघतो. पण एकच ड्राइव्ह तीच चूक दोनदा करू शकतो, म्हणून खरी मजा प्लगइनमध्ये आहे. 'अ‍ॅक्युरेटरिप' तुमच्या ट्रॅकचा चेकसम काढतो आणि तीच सीडी जगात इतरांनी वाचली तेव्हा काय आलं होतं त्याच्याशी जुळवतो. अनोळखी माणसांच्या वेगवेगळ्या ड्राइव्हवर तोच आकडा आला असेल तर विषय संपला. 'क्यूटूल्स डीबी'चं प्लगइन आणखी पुढे जातं. त्याच्याकडे दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते, त्यामुळे थोडंफार बिघडलेलं रिप सुधारता येतं. इन्स्टॉलर विचारतो तेव्हा टिक करायची, बस. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करण्याच्या सवयीने ही टिक सुटते हा भाग वेगळा.

आता खरी पोटदुखी. अ‍ॅक्युरेटरिप चालू व्हायला आधी तुमचा ड्राइव्ह किती नमुने पुढे-मागे वाचतो ते ठरवावं लागतं, आणि त्यासाठी यादीत आधीच असलेली सीडी लागते. म्हणजे व्यवहारात एखादा जगभर खपलेला अल्बम. तो असतो कुणाकडे तरी, मागून आणायचा. पण त्यानंतर आपलं कपाट उघडा. माझ्या मराठी सीडींपैकी बहुतेकींना एकच उत्तर येतं: 'डेटाबेसमध्ये नाही'. त्यात डेटाबेसवाल्यांचा काय दोष? तो लोकांनी पाठवलेल्या आकड्यांवर चालतो. इंग्रजी रॉकच्या सीडी तिथे आहेत कारण कुणीतरी हट्टी माणसं रविवारी बसून पाठवत राहिली. आपल्याकडे सीडी होत्या, ब्रॉडबँड होतं, गल्लोगल्ली इंजिनियर होते. आणि आपण सगळे 128 केबीपीएसची एमपीथ्री करून पेनड्राइव्ह फिरवत बसलो होतो. दुसरा कुणी तुमची भावगीतांची सीडी काढेल तेव्हा त्याला जुळवायला आकडा हवा असेल, तर पहिला आकडा कुणीतरी द्यायला नको का?

काहींना प्लगइन म्हटलं की व्हायरस आठवतो. मंडळी, 2005 साली सोनी बीएमजीच्या सीडी नुसत्या ड्राइव्हमध्ये घालून त्यांचा प्लेयर बसवला की विंडोजमध्ये रूटकिट घुसायचं. मार्क रसिनोविच यांनी ते उघडकीला आणल्यावर कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. विकत घेतलेली चकती आपल्या नकळत मशीनमध्ये काय काय बसवते ते चालतं, आणि आपण डोळे उघडे ठेवून बसवलेल्या प्लगइनची भीती?

राहता राहिला "सगळं स्ट्रीमिंगवर आहे" हा युक्तिवाद. ज्यांना सगळं सापडतं त्यांचं 'सगळं' फार लहान असतं. एखाद्या संगीत मंडळाने सुवर्णमहोत्सवाला काढलेली, कुठल्याशा कार्यक्रमात टेबलावर विकत मिळालेली सीडी शोधून दाखवा तिथे. सापडलीच तर कुठली प्रत चढवली, कुणी, कशावरून, हेही सांगा. शिवाय तिथलं गाणं उद्या सकाळी गायब झालं तर दाद कुणाकडे मागणार?

तेव्हा ज्यांच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही (म्हणजे हल्ली जवळपास सगळेच) त्यांनी यूएसबीवाला आणावा. फ्लॅकमध्ये काढा, एका सीडीला साधारण 300-400 एमबी लागतात, त्या जागेची आज कुणाला पर्वा आहे? डेटाबेसमध्ये नाही असं आलं तर 'टेस्ट अँड कॉपी'ने दोनदा वाचून दोन्ही सीआरसी सारखे येतात का बघा, शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवरही काढा. लॉग फाईल गाण्यांच्या शेजारीच ठेवा. आणि शेवटी 'निकाल पाठवायचा का?' असं विचारतो ना, तिथे 'नो' दाबून पळू नका.