ग्राउट आणि आपली जर्नल

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आधीच माफी! पण सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर जे चालतं त्याला भाषा लागतच नाही. सीनियरची जर्नल आणि आपलं पेन. क्यूब टेस्टची रीडिंग्ज मीही अशीच 'घेतली' आहेत. कोणाला कळतंय?

मग स्टाउफेनबद्दल वाचलं. दक्षिण जर्मनीतलं छोटं, जुनं गाव. जमिनीतली उष्णता हीट पंपाने वर आणून टाउन हॉल गरम ठेवायचा, म्हणून २००७ मध्ये तिथे १४० मीटरपर्यंत खोल ७ बोअर मारले. बोअरमध्ये पाइप सोडतात आणि भोवतालची पोकळी ग्राउटने भरतात. ग्राउटने उष्णता पाइपपर्यंत पोचवायची आणि एका थरातलं पाणी दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. तिथे हे दुसरं काम फसलं. दाबाखालचं पाणी अॅनहायड्राइटच्या थरात शिरलं, त्याचं जिप्सम होऊ लागलं आणि ते फुगलं. गावाचा जुना मध्यभाग वर उचलला जाऊ लागला, सुरुवातीला महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर! अडीचशेहून जास्त इमारतींना तडे गेले, खुद्द टाउन हॉललाही. पुढे पाणी उपसणं, बोअर पुन्हा ग्राउट करणं, सगळं आलं.

असल्या थरात बोअर मारावेत का, हा प्रश्न आहेच. पण ग्राउट एकदा आत गेलं की दिसत नाही, म्हणून तपासणी भरतानाच हवी. पाणी मोजून घालायचं. मड बॅलन्सवर घनता बघायची. ट्रेमी पाइपने तळापासून वर भरत यायचं आणि वर येणाऱ्या ग्राउटची घनता आत सोडलेल्याइतकी होईपर्यंत थांबायचं नाही. शिवाय साधा हिशेब: १५० मिलिमीटर व्यासाचं, १४० मीटर खोल बोअर म्हणजे सुमारे २.५ घनमीटर, वजा पाइप. त्याहून कमी ग्राउट गेलं तर कुठेतरी पोकळी आहे!

यात अवघड काहीच नाही. अवघड आहे ते खरा आकडा लिहिणं. साइटवर वहीत 'ओके' लिहिणारा हात कुठे तयार होतो? आपल्याच लॅबमध्ये.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती: ग्राउटचं एक प्रॅक्टिकल ठेवा, आणि चुकलेल्या पण खऱ्या रीडिंगचे मार्क कापू नका. आम्ही कॉपी करतो ते आळसाने, पण भीतीनेही. माझ्यापुरतं सांगते, यंदाची जर्नल मी स्वतःच्या आकड्यांनी भरतेय. दोन क्यूब फेल आहेत. तसंच लिहिलंय!