झडती सामानाची घ्या, जन्माची नको

विमानतळावरील सुरक्षा तपासणी हा श्रीमंतांचा प्रश्न आहे, त्याच्याशी आपणांस काय कर्तव्य, असे आमच्या पुष्कळ बांधवांस वाटते. पंचवीस वर्षांपूर्वी हे म्हणणे खरे होते. आज ते खरे राहिलेले नाही. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वेंगुर्ले तालुक्यातील चिपी येथे विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथील विमानफेऱ्या कमी-अधिक होत राहिल्या. परंतु जानेवारी २०२३ मध्ये सीमेपलीकडे पेडणे तालुक्यातील मोपा येथूनही प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या माणसास विमान घराजवळ आले. जहाजावर नोकरीस जाणारा खलाशी, आखातात कामास निघालेला गवंडी, बुद्धगयेच्या दर्शनास निघालेली उपासिका हे सारे आता त्या रांगेत उभे राहतात. म्हणून त्या रांगेत माणसास कसे वागविले जाते, हा आमचा प्रश्न झाला आहे.

वाटेवर माणसास अडवून त्याची चौकशी करणे ही गोष्ट या किनाऱ्यास नवी नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांचा परवाना जवळ नसेल तर अरबी समुद्रातील गलबत पकडले जाई. किल्ल्यांच्या दरवाजांवर आणि घाटांच्या चौक्यांवर दस्तक दाखवावे लागे. १९६१ पर्यंत पेडण्यात पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि ज्या भूमीवर आज मोपाचा विमानतळ आहे तेथे सावंतवाडीच्या माणसास परवान्यावाचून पाऊल टाकता येत नसे. चौकी असावी की नसावी, हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. चौकीवरचा शिपाई माणसास काय विचारतो, हा आमचा वाद आहे. तुझ्याजवळ काय आहे, असे तो विचारीत असेल तर तो आपले कर्तव्य करतो. तू कोणाच्या पोटी जन्मलास, असे तो विचारू लागला की तो शिपाई राहत नाही. तो मनूचा कारकून होतो.

तपासणीची आवश्यकता आम्ही नाकारीत नाही. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून लाहोरास नेण्यात आले. त्यानंतर १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी एक कक्ष निर्माण झाला. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ माणसे मेली. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेण्यात आले, आणि २००० सालापासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल विमानतळांच्या रक्षणासाठी नेमले जाऊ लागले. इतके जीव गेल्यावर झडतीला अपमान मानणे हा पोरकटपणा होईल. माझे सामान उघडून पाहिले जाते म्हणूनच माझ्या शेजारी बसलेल्या माणसाचा मला भरवसा वाटतो, आणि त्यास माझा.

किंबहुना, सर्वांची सारखी झडती हा समतेचा एक लहानसा धडा आहे. अलीकडेच मालवण तालुक्यातील काही उपासक-उपासिकांसह आम्ही बुद्धगयेस गेलो. आमच्यात बौद्धवाडीतील एक सत्तरी ओलांडलेली आत्या होती. तिचा हा पहिलाच विमानप्रवास. हात पसरून उभे राहावयास सांगितले तेव्हा ती संकोचली. बालपणी ओंजळीत वरून पाणी ओतून घेतलेल्या माणसास कोणाच्या हुकुमाने हात पुढे करणे सोपे नसते. परंतु झडती आटोपून तिने मागे वळून पाहिले, तो शेजारच्या रांगेत आमच्याच गावच्या खोतांच्या घराण्यातील एक गृहस्थ कमरेचा पट्टा काढून, पायतले बूट हातात घेऊन उभे! ज्या घराची पायरी तिच्या आईने जन्मात चढली नाही, त्या घरचा माणूस तिच्याप्रमाणेच हात पसरून उभा होता. आत्या हसून म्हणाली, “अरे, हंय तर सगळ्यांकच हात वर करूक लावतत!” संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाचा याहून सोपा अर्थ आम्ही कोठे ऐकलेला नाही.

परतीच्या प्रवासात दुसऱ्या एका विमानतळावर दुसरा धडा मिळाला. आमच्यातील एका तरुणाचे सामान यंत्रातून निघाले. त्यात कपडे, बुद्धमूर्ती, बोधिवृक्षाची चार पाने आणि बाबासाहेबांचे एक पुस्तक एवढेच होते. यंत्र वाजले नाही. अंगझडतीत काही मिळाले नाही. तरीही त्यास बाजूला घेऊन एका अधिकाऱ्याने विचारले: आडनाव काय? गाव कोणते? धर्म कोणता? तरुणाने सांगितले, बौद्ध. त्यावर पुढचा प्रश्न आला: बौद्ध म्हणजे मूळचे कोण?

या प्रश्नाने कोणते स्फोटक सापडणार होते? १९५६ साली आमच्या बापजाद्यांनी जे ओझे नागपूरच्या भूमीवर उतरवून ठेवले, तेच ओझे हा अधिकारी त्या पोराच्या पिशवीत शोधीत होता. धर्मांतरितास ‘मूळचा कोण’ असे विचारणे म्हणजे तुझे धर्मांतर आम्हांस मान्य नाही, असे सांगणे होय. सवलतीचा दाखला देताना शासन हा प्रश्न विचारते. तो कायद्याचा भाग आहे, आणि बौद्धांस केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० सालापर्यंत झगडावे लागल्यामुळे त्याची किंमत आम्ही जाणतो. तो दाखला आमचा हक्क मिळविण्यासाठी आम्हीच पुढे करतो. विमानाच्या दारात तोच प्रश्न आमच्यावरील संशयाचे साधन होत असेल तर त्यास उत्तर देण्याचे आम्हांस काहीच कारण नाही.

परदेशांत या रीतीस ‘प्रोफायलिंग’ म्हणतात. नाव, वर्ण, वेष, धर्म यांवरून माणसाचे एक चित्र आधीच तयार करावयाचे आणि त्या चित्राशी जुळेल त्यास बाजूला काढावयाचे. शब्द नवा आहे. रीत या देशात हजारो वर्षांची आहे. बाबासाहेबांनी आपल्या आठवणी ज्या इंग्रजी लिखाणात नोंदविल्या त्याचे नावच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. त्यात १९०१ सालची मसूर स्टेशनची हकीकत आहे. वडिलांना भेटावयास निघालेली मुले नीटनेटके कपडे घालून फलाटावर उभी होती. कपड्यांवरून स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. महार हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते मागे सरले. मुले तीच, कपडे तेच, सामान तेच. पुढे १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात बाबासाहेब व त्यांचे सहकारी शिरले, तेव्हा त्यांनी तेथील पाण्यास स्पर्श करू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई त्यांच्याबरोबर देण्यात आला. त्यांच्या हातात शस्त्र होते काय? नव्हते. केवळ त्यांचा हात हाच धोका मानला गेला होता.

ब्रिटिश सरकारने हीच रीत १८७१ साली कायद्यात आणली. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. त्यांची नोंद झाली, पोलिसांपुढे हजेरी लागली, परवान्यावाचून गावाबाहेर जाण्यास बंदी झाली. १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला. तथापि चोरी झाली की पारध्याच्या पालावर धाड घालण्याची खोड अजून गेलेली नाही. तेव्हा जन्मावरून संशय घेण्याचा प्रयोग आमच्या देशात पाऊणशेहून अधिक वर्षे कायद्याने चालला. त्याने चोऱ्या थांबल्या नाहीत. लाखो निरपराध माणसे मात्र पिढ्यानपिढ्या तारेच्या कुंपणात राहिली.

यावर काही शहाणे म्हणतात की, ज्या समाजातून दहशतवादी येतात त्या समाजावर अधिक लक्ष ठेवण्यात गैर काय? त्यांचा रोख मुसलमान प्रवाशाकडे असतो. आम्ही त्यांना कंदाहारची आठवण देतो. त्या विमानातील अपहरणकर्ते एकमेकांस ज्या टोपणनावांनी हाका मारीत त्यांत ‘भोला’ आणि ‘शंकर’ ही नावे होती. नाव ऐकून निश्चिंत होणाऱ्या पहारेकऱ्याने भोला आणि शंकर यांना वाकून नमस्कार केला असता! एप्रिल १९८६ मध्ये लंडनच्या विमानतळावर एका गर्भवती आयरिश तरुणीच्या पिशवीत स्फोटके सापडली. तिच्या नकळत तिच्या प्रियकराने ती ठेवली होती. वंश आणि चेहरा पाहून शोधणाऱ्यास ती कधीच सापडली नसती. तिला प्रश्न विचारले गेले आणि तिचे सामान तपासले गेले, म्हणून शेकडो जीव वाचले. दुष्ट माणूसही पहारेकऱ्याचे पूर्वग्रह ओळखतो, आणि ज्याच्यावर संशय येणार नाही अशाच्या हाती आपले काम सोपवितो.

आमचा दुसरा आक्षेप वरच्या बाजूचा आहे. ज्यांची झडती घ्यावयाची नाही अशा मोठ्या माणसांची यादी या देशात आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश यांच्या मागोमाग ती यादी लांबत गेली. कोणतेही सार्वजनिक पद नसलेल्या रॉबर्ट वाड्रा यांचे नावही तिच्यात होते. ते सप्टेंबर २०१५ मध्ये वगळले गेले. दलाई लामांचेही नाव तिच्यात आहे. ते आमच्या धर्माचे थोर भिक्षू आहेत म्हणून या यादीविषयी आम्ही गप्प बसणार नाही. एप्रिल २००९ मध्ये माजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांची दिल्लीच्या विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीने झडती घेतली. देशात मोठा क्षोभ झाला, कंपनीने माफी मागितली. कलामांनी मात्र स्वतः त्याचा गाजावाजा केला नाही. त्यांचा विवेक आम्हांस अधिक भावतो. मोठ्या माणसाची झडती हा राष्ट्राचा अपमान, आणि गरिबाची झडती ही सुरक्षा, असे दोन न्याय आम्हांस मान्य नाहीत. एका टोकास ज्यास कोणी हात लावावयाचा नाही असा मोठा, आणि दुसऱ्या टोकास ज्यास बाजूला काढून विचारावयाचे असा हलका. ही उतरंड आम्ही फार जवळून पाहिलेली आहे.

वसलसुत्ताचा प्रसंग आमच्या वाचकांस ठाऊक आहे. भिक्षेसाठी येणाऱ्या भगवान बुद्धांस अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाने दुरूनच नीच म्हणून अडविले. बुद्धांनी आपले कुळ सांगितले नाही, ते मोठे होते तरी. माणूस नीच कशाने होतो, हेच त्यांनी त्या ब्राह्मणास विचारले आणि कृत्यांची एक यादी त्याच्यापुढे ठेवली: हिंसा, चोरी, असत्य, कृतघ्नपणा. विमानतळावरील पहारेकऱ्यास आमचे एवढेच सांगणे आहे. कृत्य पाहा, वस्तू पाहा, वर्तन पाहा.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पंधराव्या अनुच्छेदाने राज्यास धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्याची मनाई केलेली आहे. तेव्हा तपासणीच्या वेळी जात वा धर्म विचारण्यास लेखी मनाई करावी. दुसऱ्यांदा झडती घ्यावयाची असेल तर ती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे क्रमाने निवडावी. कोणावर खास संशय असेल तर त्याचे कारण नोंदवावे आणि त्या प्रवाशास मागितल्यावर सांगावे. तक्रार कोठे करावी याची पाटी चिपीस मराठीत व मोप्यास मराठी-कोंकणीत लावावी. अपंगांची अवहेलना थांबवावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये नर्तकी सुधा चंद्रन यांनी कृत्रिम पाय वारंवार काढावा लागत असल्याची व्यथा मांडली, तेव्हा सुरक्षा दलास माफी मागावी लागली होती. ज्यांच्यामागे नर्तकीची कीर्ती नाही त्यांची माफी कोण मागणार? आणि सूट मिळालेल्या मोठ्यांची यादी अगदी मोजक्या पदांपुरती आखडावी.

चेहरा ओळखणारी यंत्रे डिसेंबर २०२२ पासून आपल्या विमानतळांवर आली आहेत. यंत्रास जात नसते, असे कोणी सांगेल. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखण्याच्या कामी काही यंत्रे काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत शंभरात चौतीसपर्यंत चुका करताना आढळली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत शंभरात एकही नाही. यंत्रास माणूसच शिकवितो. म्हणून त्याच्यावरही डोळा ठेवला पाहिजे.

आमच्या बांधवांसही एक शब्द. झडतीस नकार देऊ नका. गणवेशातील जवान पुष्कळदा आपल्याच घरचा मुलगा असतो. त्याच्याशी सभ्यतेने वागा. परंतु ‘मूळचे कोण’ असा प्रश्न आला तर नजर खाली न घालता सांगा की, मी भारताचा नागरिक आहे, हे माझे तिकीट, हे माझे ओळखपत्र, हे माझे सामान. त्यानंतर विचारणाऱ्याचे नाव विचारा आणि लेखी तक्रार करा. त्या तरुणाने ती केली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. ते येईपर्यंत आम्ही पाठ सोडणार नाही.

नागपूरच्या विमानतळास २००५ साली बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. त्या नावाच्या पाटीखालून रोज हजारो माणसे तपासणीच्या दारातून जातात. मसूरच्या फलाटावर ज्या मुलास पाहून स्टेशनमास्तर मागे सरला, त्याच मुलाचे ते नाव आहे. देशातील कोणत्याही विमानतळावर कोणासही जन्माचा हिशेब द्यावा लागू नये, तरच ते नाव तेथे शोभेल.

जय भीम.