सर, एकच फोटो!

आमच्या नात्यागोत्यात आणि मित्रमंडळात मिळून पंचवीस-तीस माणसं तरी अशी निघतील, ज्यांच्या मोबाईलमध्ये कुठल्या ना कुठल्या मराठी नटाबरोबर काढलेला फोटो आहे. त्यातल्या किती जणांनी त्या नटाचं एखादं नाटक स्वतःच्या पैशानं तिकीट काढून पाहिलंय, असं मी मागच्या दिवाळीत फराळाच्या वेळी सहज विचारलं. आधी सगळे हसले. मग मामी म्हणाली, "अरे, आपल्याला पास मिळतात की!"

तर मंडळी, या पासवर आणि त्या फोटोवर आज जरा तोंडसुख घेणार आहे. दोन-चार घरी माझा चहा बंद होईल. होऊ दे.

माझं म्हणणं सरळ आहे. रसिक म्हणून नटाला भेटण्याचा आपल्याला कसलाही हक्क नाही. तो रंगमंचावर दोन-अडीच तास जे करतो, तीच भेट. आपण त्याच्या बदल्यात दोन गोष्टी द्यायच्या, तिकिटाचे पैसे आणि लक्ष. परभणीत आपण या दोन्ही गोष्टी वाचवतो आणि त्या बदल्यात रंगपटात घुसून त्याच्या खांद्यावर हात टाकतो. वर याला प्रेम म्हणतो.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणायला आपण कायम पुढे. पण नाटकाच्या बाबतीत परभणी कुठे आहे, हे कुणालाही विचारा. संभाजीनगरला प्रयोग झाला की पुढचा नांदेडला. मधली परभणी रात्री गाडीतले लोक झोपेत असताना मागे पडते. कारण म्हणून आपण लगेच नाट्यगृहाकडे बोट दाखवतो. नटराज रंगमंदिराची वर्षानुवर्षं जी दशा झाली ती आपण सगळ्यांनी येता-जाता पाहिली आहे, त्यामुळे ते बोट काही खोटं नाही. पण नुसत्या भिंती बांधून नाटक येत नाही. दौऱ्याचं गणित अगदी किराणा दुकानासारखं असतं. नटांची बस, नेपथ्याचा ट्रक, नटांची आणि बॅकस्टेजच्या पोरांची नाईट, लॉज, जेवण, जाहिरात. हे सगळं तिकीटखिडकीतून निघायला हवं. पहिल्या चार रांगा पासवर गेल्या, म्हणजे सगळ्यात महागड्या खुर्च्या फुकट गेल्या. ज्या ठेकेदारानं एकदा खिशातून भर घातली, तो परत कशाला येईल? दर फेब्रुवारीत इथे उरूस भरतो. तिथे आकाशपाळण्याला किंवा मौत का कुआँला पास मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तिथे लोक गपगुमान रांगेत उभे राहतात आणि पैसे मोजतात. मग नाटकवाल्यानंच काय घोडं मारलंय?

आता रंगपटाबद्दल. मी काही ऐकीव बोलत नाही, मीही एकदा आत गेलेलो आहे. ज्यांना भेटायला गेलो त्यांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. शाळेत असताना दूरदर्शनवर त्यांचं एक नाटक पाहिलं आणि तेव्हापासून हा माणूस डोक्यात बसला. पुढे कॉलेजात असताना रेल्वेनं औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच) जाऊन त्यांची नाटकं पाहिली आणि उरलेली रात्र प्लॅटफॉर्मवर काढली. तेच एकदा परभणीत आले.

साडेनऊचा प्रयोग. तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडला तर नाटकाच्या दिवाणखान्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. सत्कार! शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, प्रायोजकांचे दोन शब्द (मोजले नाहीत, पण दोन नक्कीच नव्हते). मेकअप करून, कपडे चढवून, भूमिकेत शिरायला निघालेला नट त्या खुर्चीवर बसून हार घालून घेत होता. नाटक सुरू व्हायला सव्वादहा वाजले. तरीही प्रयोग असा झाला की मधल्या एका शांततेत पंख्यांचा आवाजही नको वाटत होता.

संपल्यावर आत गेलो. ते तोंडाला खोबरेल तेल लावून रंग पुसत होते. शर्ट काढून ठेवलेला आणि कमरेला रुंद पट्टा. दुसऱ्या अंकात हा माणूस दोनदा गुडघ्यावर कोसळला होता, तो हा पट्टा बांधून! मागच्या दारानं पोरं नेपथ्याचे तुकडे ट्रकमध्ये चढवत होती, कारण दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी प्रयोग होता. आणि रंगपटात तीस-चाळीस माणसं. "सर, टीव्हीवर तुम्ही उंच दिसता." "सर, त्या मालिकेत तुम्हाला एकदम वाईट का केलं हो?" "पाया पड बाळा काकांच्या, असं नाही, इकडं बघून." प्रत्येक फोटोला ते उठून उभे राहत होते. बसा, असं म्हणायचं एकाच्याही मनात आलं नाही. आणि त्या संध्याकाळच्या नाटकाबद्दल एक अक्षर कुणी बोललं असेल तर शपथ. नाटक म्हणजे त्या सगळ्यांना वाटेत लागलेलं लांबलचक फाटक होतं, कधी एकदा उघडतं आणि आत जातो, असं.

माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच विचारलं, की मुलाचं पत्र तुम्ही पूर्वीच्या प्रयोगात वाचून दाखवायचात, आज न वाचताच घडी घालून खिशात ठेवलंत, ते का बदललं? ते थांबले. मघापासून चेहऱ्यावर असलेलं हसू गेलं आणि खरा चेहरा आला. तेलकट हात वर उचलून त्यांनी हवेतच घडी घालायला सुरुवात केली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्या बरगडीत एक कोपर बसलं. "सर, एकच फोटो! लांबून आलोय." हात खाली आला, हसू परत आलं. संपलं.

त्या पत्राचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आता यावर आमचे एक काका म्हणतात, "अरे, लोकांचं प्रेम असतंय बाबा ते. पूर्वी काय कमी वेड होतं का?" नव्हतं ना! आत्तापेक्षा जास्तच होतं. पण ते वेड कुठे जाऊन उभं राहायचं ते बघा. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त 'मानापमान' झाला, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी. त्या काळात तिकिटं शंभर रुपयांपर्यंत गेली होती असं सांगतात. शंभर रुपये, १९२१ सालचे! लोकांनी ते मोजले. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, म्हणजे ज्यांनी तिकीट काढलं त्यांनी आयुष्यभर सांगावं असं काही पाहिलं. 'मायबाप' हा शब्द त्या नटांनी प्रेक्षकांसाठी वापरला, आणि आपण तो आयता अंगाला लावून घेतलाय. आईबाप लेकराला दमून आल्यावर उभं ठेवतात का हो?

डॉ. श्रीराम लागूंनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिलं. नट म्हणजे इकडचा माल तिकडे पोचवणारा लमाण, ही त्यामागची भावना. आपल्याकडे तांडे आहेत, त्यामुळे लमाण कोण हे परभणीकराला समजावून सांगायला नको. मिठाच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून गावोगाव फिरणारी ही माणसं. अशा माणसाला वेशीवर अडवून, त्याच्या गळ्यात हार घालून, गोणी न उघडताच पाठवून द्यायचं, असा आपला प्रकार आहे. मीठ तसंच पुढच्या गावाला जातं.

दुसरा बचाव असा, की लहान गावात नाटकं येतच नाहीत, मग लोक टीव्हीबद्दलच बोलणार. बरं, मग राज्य नाट्य स्पर्धेत बघा. हौशी नाटकांची प्राथमिक फेरी परभणी केंद्रावर होते. तिकीट एका चहा-भज्याच्या प्लेटएवढंही नसतं. शिक्षक, बँकेतले, महावितरणमधले लोक दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करतात आणि महिन्यांच्या कष्टाचा एकच प्रयोग रिकाम्या खुर्च्यांसमोर करतात. अभिनयावर एवढं प्रेम आहे तर तिथे गर्दी का नसते? तिथल्या रंगपटात कुणी का घुसत नाही? कारण उघड आहे. तो नट उद्या सकाळी आपल्याला बाजारात दिसणार असतो.

आणि 'आपला माणूस' म्हणून मिरवणं तर विचारू नका. संकर्षण कऱ्हाडे आपल्या परभणीचा, हे पुण्यातल्या प्रत्येक परभणीकरानं निदान एका अनोळखी माणसाला ऐकवलेलं आहे. अभिमान असावाच, मलाही आहे. पण 'नियम व अटी लागू' त्यानं लिहिलंय हे त्यातल्या किती जणांना माहीत असतं? लक्ष्मण देशपांडे एकट्याच्या अंगावर 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधली बावन्न पात्रं पेलत होते, आपली मराठवाड्याची बोली त्यांनी जगभर नेली. २००९ मध्ये ते गेले. त्यांच्या कॅसेटी ऐकून आपल्या घराघरात पोरं ती पात्रं पाठ म्हणायची. त्या पाठांतराला मी प्रेम म्हणतो. त्यात कुणाच्या खांद्यावर हात नव्हता, पण प्रत्येक हुंकार कानात होता.

मोबाईलवर तर नवं काय सांगणार. २०१९ मध्ये नाशिकच्या प्रयोगात फोन वाजत राहिले म्हणून सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला. त्याच सुमारास सुबोध भावे यांनी, हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करायचं की नाही, असा जाहीर त्रागा केला. तेव्हा बरेच जण म्हणाले, नटांना माज आलाय. ज्याच्यासमोर आपण पुढच्या रांगेत बसून स्क्रीन चमकवतो, त्याच्याकडेच नंतर 'सर, एकच' म्हणत जायचं, आणि माज त्याला!

असो. आयोजक मंडळींपैकी बरेच जण ओळखीचे आहेत आणि हे वाचतील म्हणून शेवटी कामाचं बोलतो. पासांच्या खुर्च्या ठेवायच्याच असतील तर शेवटच्या दोन रांगांत ठेवा, खरा हौशी असेल तो तिथूनही बघतो. सत्कार नाटकाआधी नको, नाटक संपल्यावर ठेवा. दहा मिनिटांत आटपा. आणि सत्कार होईपर्यंत त्या माणसाला बसायला एक खुर्ची द्या, त्याच्या कमरेला पट्टा असतो.