विश्लेषण : संप्रेरकाचा इशारा मंद केला, तर मका दुष्काळात तगेल?

पावसाच्या खंडाचा मक्याला सर्वाधिक फटका बसतो तो फुलोऱ्यात. पाण्याचा ताण पडला तरी तुरा साधारण वेळेवर येतो, पण कणसाचे स्त्रीकेसर रेंगाळतात. ते बाहेर पडेपर्यंत परागकण झडून गेलेले असतात. दाणे भरतच नाहीत. नंतर कितीही पाऊस झाला तरी हे नुकसान भरून निघत नाही. मेक्सिकोतील ‘सिमिट’ या संशोधन संस्थेने म्हणूनच हे अंतर कमी असलेली झाडे निवडत वाण सुधारले.

संप्रेरकाचा संबंध काय?

ताण जाणवला की झाडात इथिलीन वाढते. केळी पिकवण्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये सोडतात तोच हा वायू. झाडासाठी तो धोक्याचा इशारा : वाढ आवरा, जुनी पाने सोडा. जीव वाचवायला ही काटकसर ठीक. पण शेतकऱ्याला नुसते जिवंत झाड पुरत नाही, दाणे हवे असतात.

बदल काय केला?

‘आर्गोस८’ हे मक्यातलेच जनुक इथिलीनला मिळणारा प्रतिसाद कमी करते. मात्र एरवी ते क्षीण आणि झाडाच्या काही भागांतच काम करते. अमेरिकेतील ड्यूपाँट पायोनियरच्या शास्त्रज्ञांनी क्रिस्पर तंत्राने मक्याच्याच ‘गोस२’ जनुकाचा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू-बंद करणारा भाग, त्याच्यापुढे बसवला. आर्गोस८ झाडभर काम करू लागले.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार, फुलोऱ्यात ताण बसलेल्या शेतांत एकरी पाच बुशेल, म्हणजे सुमारे १२७ किलो, उत्पादन वाढले. पुरेसे पाणी असताना घट झाली नाही, हे त्याहून महत्त्वाचे. चांगल्या पावसाच्या वर्षी मागे पडणारे वाण कोण पेरणार? अर्थात, पीक फुलोऱ्यापर्यंत पोहोचलेच नाही तर या बदलाचा उपयोग शून्य.

भारतात काय?

परके जनुक नसलेल्या काही जनुक-संपादित वाणांना केंद्राने मार्च २०२२ मध्ये जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीरही झाले. मक्यातला हा बदल मात्र किरकोळ काटछाटीचा नाही. एका जागचा तुकडा दुसरीकडे नेला आहे. तो सवलतीत बसवायचा का, यावर वाद होऊ शकतो.

मराठवाडा-खानदेशातल्या कोरडवाहू मका उत्पादकाचा प्रश्न वेगळा आहे. संकरित बियाणे त्याला दरवर्षी विकतच घ्यावे लागते. एकरी सव्वाशे किलोंपैकी किती किलो बियाण्याच्या पिशवीच्या किमतीत जातील, हा हिशेब तो आधी करील.