आठ मतं आणि दोनशे आठ मतं

नेते आपल्याच पक्षातल्या टोकाच्या गटाला घाबरतात, हे आपण नेहमी ऐकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझा प्रश्न असतो, हा धाक नेमका चालतो कसा?

अमेरिकेचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे केव्हिन मॅकार्थी प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले, तेही मतदानाच्या पंधराव्या फेरीत. पक्षातल्या कडव्या गटाला राजी करताना त्यांनी एक अट मान्य केली होती: सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव एकटा सदस्यही आणू शकेल. सप्टेंबरअखेर सरकारी कामकाज ठप्प होऊ नये म्हणून त्यांनी विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाची मतं घेऊन तात्पुरता निधी मंजूर करून घेतला. ३ ऑक्टोबरला २१६ विरुद्ध २१० मतांनी त्यांचं पद गेलं.

त्या २१६ मध्ये स्वपक्षाची मतं फक्त आठ. उरलेली २०८ डेमोक्रॅटिक पक्षाची. मॅकार्थींवर विश्वास न ठेवायला त्यांच्याकडे कारणं होती. तरी आठ जणांचं काम त्या २०८ मतांशिवाय झालं नसतं.

मित्रांनो, आता आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे बघा. स्वपक्षातल्या भडक लोकांना न जुमानता कुणी न्यायाचं बोललं, की त्याला शिव्या देणारे फोन लगेच जातात. आपला फोन जातो का? की ‘शेवटी त्यांचाच माणूस’ म्हणून आपण गप्प बसतो? मत कुणाला द्यायचं ते निवडणुकीत ठरवू. पण योग्य बोलणाऱ्याला त्याच दिवशी पाठिंबा कळवायला हवा. एकटा पडलेला माणूस पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.