वणव्याशी लढणारे रिकामे हात

फाल्गुन सरू लागला की गढवाल आणि कुमाऊंच्या डोंगरउतारांवर चीड पाइन वृक्षांची सुईसारखी पाने गळू लागतात. तेथील लोक या पानांना पिरूल म्हणतात. राळेचा अंश असलेला हा पिरूल ज्येष्ठापर्यंत जमिनीवर थरावर थर साचत जातो. मग एखादी न विझवलेली विडी किंवा शेताच्या बांधावर पेटवलेला पालापाचोळा सारा डोंगर पेटवायला पुरेसा होतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ सरकारदप्तरी वणव्याचा हंगाम म्हणून नोंदलेला आहे. जे संकट पंचांगातल्या सणाप्रमाणे दर वर्षी ठरल्या वेळी येते, त्याला दैवी कोप म्हणून हात झटकता येत नाहीत. तरीही उत्तराखंडातील गावे दर वर्षी या संकटाला जवळजवळ रिकाम्या हातांनी सामोरी जातात.

शासनाची मदत म्हटली की डोळ्यांसमोर हेलिकॉप्टर येते. २०१६ साली आणि पुन्हा एप्रिल २०२४ मध्ये वायुदलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी भीमतालच्या तलावातून पाणी उचलून नैनीतालच्या परिसरातील जंगलांवर ओतले. वायुदलाच्या जवानांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु हेलिकॉप्टर येते ते आग वार्तेचा विषय झाल्यानंतर. त्याआधीचे कित्येक तास आगीशी कोण झुंजत असते? त्या डोंगराखालच्या गावातील स्त्री-पुरुष! हातात हिरव्या फांद्यांची झुडपी, पायात रबरी चपला आणि पाठीशी कोणीही नाही, अशी ही सेना असते.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव वा संरक्षित जंगलात चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क असलेल्या व्यक्तीने वणव्याची खबर देणे आणि तो विझविण्यास मदत करणे बंधनकारक आहे. ब्रिटिश राजवटीने लादलेले हे कर्तव्य स्वतंत्र भारतात कायम राहिले. मात्र ज्याच्यावर हे कर्तव्य टाकले, त्याच्या हाती कुदळ, दाताळे, जाड कपडे, पिण्याचे पाणी आणि विम्याचे कवच देण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी हे कलम मौन पाळते.

या मौनाची किंमत १३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात मोजावी लागली. वणवा विझवायला गेलेले चार कर्मचारी आगीच्या वेढ्यात सापडून जागीच मृत्यू पावले. त्यांत हंगामापुरते नेमलेले साधे अग्निरक्षकही होते. हे अग्निरक्षक बहुधा आसपासच्या गावचेच तरुण असतात. पूर्ण हंगामाचे प्रशिक्षण आणि साधने त्यांना मिळत असती, तर अशा घटना टाळता आल्या नसत्या काय, हा प्रश्न त्यांच्या चितेबरोबर विझलेला नाही. त्याच्या महिनाभर आधी, मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनकर्मचाऱ्यांना ऐन वणव्याच्या दिवसांत निवडणुकीच्या कामाला जुंपल्याबद्दल राज्य शासनाला जाब विचारला होता.

राज्यघटनेतील रिकामी जागा

या दुरवस्थेचे एक मूळ थेट राज्यघटनेत सापडते. १९९२ साली ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती झाली. नगरपालिकांसाठी जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात 'अग्निशमन सेवा' हा विषय स्पष्टपणे नमूद आहे. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या परिशिष्टात २९ विषय आहेत. त्यांत सामाजिक वनीकरण आहे, गौण वनोपज आहे, सरपण आणि चाराही आहे; पण आग विझविण्याचा उल्लेख कोठेही नाही. शहराला बंब मिळाला आणि जंगलाच्या कुशीत राहणाऱ्या खेड्याला नशीब! २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने स्थानिक प्राधिकरणांवर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची आणि साधनसज्जतेची जबाबदारी टाकली खरी. परंतु स्वतःचे उत्पन्न नसलेली डोंगरी ग्रामपंचायत ही जबाबदारी कोणत्या पैशाने पार पाडणार?

उत्तराखंडचे वैशिष्ट्य असे की तेथे या कामासाठी एक देशी संस्था अगोदरच उभी आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रजांनी कुमाऊंची विस्तीर्ण जंगले राखीव केली आणि लाकूड व राळेच्या व्यापारासाठी चिडाला प्राधान्य दिले. त्याविरुद्ध जनतेचा क्षोभ इतका तीव्र होता की १९२१ साली जंगले पेटवून दिली गेली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की जळाली ती मुख्यतः व्यापारी चिडाची वने. ज्या बांज वृक्षांच्या मुळाशी पाणी टिकते आणि ज्यांच्या पाल्यावर गुरे जगतात, ती वने लोकांनी राखली. अखेर इंग्रज सरकारला नमते घ्यावे लागले आणि १९३१ च्या नियमांनी वनपंचायती अस्तित्वात आल्या. आज त्यांची संख्या अकरा हजारांहून अधिक आहे. पुढे मात्र स्वतंत्र भारताच्या प्रशासनानेच नियमांत वेळोवेळी बदल करून या पंचायतींवर वनखात्याचा वरचष्मा वाढवत नेला. सरपंच गावाचा, निर्णय आणि निधी खात्याचा, अशी ही विचित्र वाटणी आहे.

अधिकाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप असा, की आगी गावकरीच लावतात. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. बहुतेक वणव्यांमागे मानवी हात असतो, मग तो कोवळ्या गवताच्या लोभाचा असो वा निव्वळ निष्काळजीपणाचा. पण ज्या जंगलात आपला शब्द चालत नाही ते जंगल सरकारचे, ही भावना एकदा रुजली की ते जळताना पाहण्याची अलिप्तताही येतेच. यावर उपाय दंडुका नव्हे, तर हक्काबरोबर येणारी आपलेपणाची जाणीव हा आहे.

पैसा आणि यंत्रसामग्री असली की सारे सुटते, असे मानणाऱ्यांनी जानेवारी २०२५ मधील लॉस एंजेलिसकडे पाहावे. जगातील अत्यंत साधनसंपन्न अग्निशमन दलांपैकी एक तेथे होते. तरीही ईटन वणव्याच्या रात्री आल्टाडिना वस्तीच्या पूर्व भागाला घरे सोडण्याचा आदेश संध्याकाळीच मिळाला आणि पश्चिम भागाला तो पहाटे तीननंतर मिळाला. त्या वणव्यातील मृतांपैकी जवळजवळ सर्व पश्चिम भागातील होते. विमाने होती, पैसाही होता. दारापर्यंत वेळेवर पोहोचणारा निरोप तेवढा नव्हता. आपल्याकडे देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना भ्रमणध्वनीवर पाठविते. ही सूचना मिळाल्यावर धावणारी सुसज्ज तुकडी गावागावांत असेल, तरच अवकाशातल्या त्या डोळ्याला अर्थ आहे.

उजेडाची एक वाट

अशी तुकडी उभी राहू शकते, हे अल्मोडा जिल्ह्यातील शीतलाखेत परिसराने दाखवून दिले आहे. तेथील महिला मंडळांनी आणि ग्रामस्थांनी स्याहीदेवीचे जंगल आपले मानून राखले. शेतातील काटेरी झुडपे व पालापाचोळा जाळण्याला तेथे 'ओण' म्हणतात. हे काम ३१ मार्चपूर्वी, म्हणजे डोंगर पुरता सुकण्याआधी उरकायचे, असा नियम गावांनी स्वतःच घालून घेतला आणि १ एप्रिल हा 'ओण दिवस' म्हणून पाळला जाऊ लागला. खर्च जवळजवळ शून्य. लाभ मात्र अख्ख्या जंगलाचा! राज्य शासनानेही या प्रयोगाची दखल घेतली आहे.

मे २०२४ मध्ये राज्य शासनाने पिरूल किलोमागे ५० रुपये दराने विकत घेण्याची घोषणा केली. दिशा योग्य होती, पण वेळ चुकलेली होती. डोंगर पेटल्यावर केलेली घोषणा म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणेच. पिरूल गोळा करण्याचे पैसे मार्चमध्ये आणि थेट वनपंचायतीच्या खात्यात पोहोचले पाहिजेत. जाळरेषा साफ करण्याची मजुरी गावातच राहिली पाहिजे. प्रत्येक वनपंचायतीकडे अवजारांचा एक संच, आग विझविणाऱ्या प्रत्येकाला विमा, धुराने गुदमरणाऱ्या वृद्धांसाठी व बालकांसाठी आधीच ठरवून ठेवलेली सुरक्षित जागा, आणि वणव्यानंतर चारा जळालेल्या पशुपालकाला वेळेत भरपाई या गोष्टी काही अशक्यप्राय नाहीत. यांतील कोणतीही गोष्ट हेलिकॉप्टरपेक्षा महाग नाही.

वनवासी आणि गिरिवासी समाजाने हिमालयाची वने शतकानुशतके राखली, ती कोणाच्या आदेशाने नव्हे. त्या समाजाला आज केवळ राबणारे हात म्हणून हाक मारायची आणि निर्णयाच्या वेळी दाराबाहेर उभे करायचे, हा न्याय नव्हे. फाल्गुन पुन्हा येईल आणि पिरूलही पुन्हा गळेल. त्याआधी त्या रिकाम्या हातांत काही द्यायचे की पुन्हा आकाशाकडेच पाहायचे, याचा निर्णय देहरादूनने आणि दिल्लीने थंडीच्या दिवसांतच घ्यायला हवा.