ऋण काढून सण आणि शासनाचा विश्वास

राधानगरी तालुक्यातील अनेक घरांत सैन्य वा पोलीस दलातील भरती हेच तरुणांचे ध्येय असते. धाव, उंची, छाती यांची तयारी वर्षानुवर्षे चालते. आपल्या नावावरील कर्जाचाही सरकारी विश्वासार्हतेशी संबंध असतो, हे मात्र या मुलांना क्वचितच सांगितले जाते.

हा संबंध काल्पनिक नाही. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेतील अधिकारी आल्ड्रिच एम्स याने १९८५ साली सोव्हिएत संघाला गुपिते विकण्यास प्रारंभ केला, तो डोक्यावरील कर्जापायी. १९९४ मध्ये तो पकडला गेला. तोवर अनेक माणसे प्राणांस मुकली होती. गोपनीय कामासाठी माणूस पारखताना तेथे आज आर्थिक व्यवहार हा स्वतंत्र निकष आहे.

आपल्या देशातही या धोक्याचे भान जुने आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील सतराव्या नियमानुसार शासकीय सेवकाने सततचा कर्जबाजारीपणा आणि दिवाळखोरी टाळली पाहिजे. कर्जवसुलीसाठी न्यायालयीन कारवाई झाल्यास ती तत्काळ शासनास कळविली पाहिजे. ज्याच्याशी कार्यालयीन संबंध येण्याचा संभव आहे, अशा व्यक्तीकडून कर्ज घेण्यास सोळावा नियम मज्जाव करतो. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाने तर थकीत कर्जाच्या नोंदींमुळे एका उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय उचलून धरला. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्याकडून आर्थिक शिस्तीची अपेक्षा रास्तच आहे.

परंतु येथे विवेक हवा. आईच्या शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज आणि महागड्या मोटारसायकलीसाठी काढलेले कर्ज एकाच तराजूत कसे तोलता येईल? सतरावा नियमही हा भेद मानतो. कर्ज उधळपट्टीतून झाले नसून आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे झाले, हे सिद्ध करण्याची संधी तो सेवकाला देतो. पुराव्याचा भार मात्र त्याच्यावरच टाकतो. नेमणुकीपूर्वी उमेदवाराची पारख करणाऱ्यांनीही हीच दृष्टी ठेवावी. बापाच्या ऊसपिकाचे कर्ज मुलाच्या चारित्र्यावरील डाग ठरता कामा नये. अन्यथा शेतकऱ्याच्या घरातील प्रामाणिक तरुणच देशसेवेच्या दारातून परत फिरेल.

कुटुंबांचेही कर्तव्य आहे. मोबाईलवरील ॲपवरून चार मिनिटांत मिळणारे कर्ज पुढे बदनामीच्या धमक्या घेऊन येते. घाबरलेला मुलगा ते घरी लपवितो, आणि लपविलेले कर्ज हीच परक्याच्या हाती सापडणारी दोरी असते. उघड सांगितलेल्या कर्जाची कोणी भीती घालू शकत नाही. म्हणून कर्जाची पावती, हप्त्यांची नोंद आणि बँकेचा ना-देय दाखला जपून ठेवावा. अडचण आली तर घरात आणि कार्यालयात वेळीच सांगावी.

ऋण काढून सण करू नये, ही शिकवण आपल्या आजी-आजोबांनी घरखर्चापुरती दिली होती. गणवेश चढविणाऱ्याच्या बाबतीत तिचा संबंध राष्ट्राच्या सुरक्षेशी पोहोचतो.